कुऱ्हाड न लावता खारफुटी मरते कशी? उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात आहे

दहावीच्या विज्ञान भाग २ च्या पेपरात 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न ठरलेला असतो. मुलं कारण पाठ करतात, दोन-तीन ओळींत उतरवतात, गुण मिळवतात आणि निकालानंतर विसरून जातात. पण यातल्या काही कारणांवर एखाद्या गावाचा किनारा टिकणार की जाणार, हे ठरत असतं. वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं भुईगाव हे त्याचं चांगलं उदाहरण.

वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतलं हे गाव एका बाजूला भाजीपाल्याच्या आणि फुलांच्या वाड्यांसाठी ओळखलं जातं, तर दुसऱ्या बाजूला समुद्र, सुरूची झाडं, खाजण आणि खारफुटी आहे. या भागातल्या खारफुटीवरची अतिक्रमणं हा स्थानिक बातम्यांचा जुना विषय आहे. अशा बातम्यांखाली एक प्रतिक्रिया हमखास दिसते : 'झाडं तोडलीच नाहीत, ती आपोआप सुकली.'

झाडं खरंच 'आपोआप' सुकतात का? याचं उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या चार-पाच साध्या प्रश्नांत दडलेलं आहे. ते एकेक करून पाहू.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

खारफुटी हे एका झाडाचं नाव नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या अनेक जातींच्या वनस्पतींना मिळून खारफुटी म्हणतात. अशा झाडांचं जंगल म्हणजे कांदळवन. त्यात तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी अशा वेगवेगळ्या जाती असतात. मुंबई आणि वसईच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त दिसते ती तिवर. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हा आपला 'राज्य कांदळवन वृक्ष' जाहीर केला. असा वृक्ष ठरवणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं.

आणि हो, भुईगावच्या वाळूवरचा सुरू म्हणजे खारफुटी नव्हे. तो आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडून आलेला, किनाऱ्यावर लागवड करून वाढवलेला वृक्ष आहे. त्याची लांब सुईसारखी 'पानं' प्रत्यक्षात हिरव्या बारीक फांद्या असतात. खरी पानं या फांद्यांच्या पेरांवर अगदी छोट्या खवल्यांच्या रूपात असतात. सुरू कोरड्या वाळूत उभा राहतो, भरतीच्या चिखलात तो तग धरत नाही. तिथे फक्त खारफुटीच जगते.

प्रश्न १ : मुळांना श्वास कशाला लागतो?

'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात' असं अनेक जण वर्षानुवर्षं सांगत आलेत. यातलं दुसरं अर्धं चुकीचं आहे. श्वसन दिवस-रात्र, चोवीस तास सुरू असतं आणि ते झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत होतं. मुळांमध्येही होतं. पानांनी तयार केलेल्या साखरेतून ऊर्जा मिळवायची तर मुळांच्या पेशींना ऑक्सिजन लागतोच.

भुईगावच्या वाडीत काम करणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. पावसात वाफ्यात चार दिवस पाणी साचून राहिलं की वांग्याची रोपं माना टाकतात. भोवती पाणी असूनही रोप सुकतं, कारण मातीतल्या कणांमधली हवा पाण्याने हुसकावलेली असते. मुळं गुदमरतात आणि मग त्यांना पाणी वर चढवता येत नाही.

खाडीतल्या चिखलात तर ही परिस्थिती बारमाही असते. तिथली माती इतकी बारीक आणि पाण्याने इतकी भरलेली असते की वरच्या पातळ थराखाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो. यावर तिवरेने काढलेला मार्ग म्हणजे श्वसनमुळं. जमिनीखाली आडव्या पसरलेल्या मुळांतून वीतभर उंचीची, पेन्सिलीसारखी टोकं सरळ वर येतात. एका झाडाभोवती ती हजारोंनी असू शकतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, त्यांना वल्करंध्रं म्हणतात. आतला गाभा स्पंजासारखा पोकळ असतो. छिद्रातून शिरलेली हवा या पोकळीतून चिखलाखालच्या मुळांपर्यंत पोहोचते.

यात भरती-ओहोटीचं कामही समजून घ्यायला हवं. भरतीच्या वेळी ही टोकं पाण्याखाली जातात. पाणी आत शिरत नाही, पण हवाही मिळत नाही. मुळं साठलेला ऑक्सिजन वापरत राहतात आणि आतला दाब कमी होतो. ओहोटी लागून टोकं उघडी पडली की बाहेरची हवा आत खेचली जाते. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे तिवरेचा श्वास समुद्राच्या वेळापत्रकावर चालतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रश्न २ : खाऱ्या पाण्यात झाड सुकत का नाही?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. हेच परासरण. पेशीबाहेर क्षारांचं प्रमाण जास्त असलं की पेशीतलं पाणी बाहेर जातं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. साध्या झाडाच्या मुळाशी हे पाणी आलं तर ते पाणी पिण्याऐवजी पाणी गमावतं.

खारफुटी इथे तीन गोष्टी करते. पहिली, मुळांशीच गाळणी लावते. बहुतांश क्षार आत येऊच देत नाही. दुसरी, पेशींमध्ये विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण जास्त ठेवते, म्हणजे पाण्याचा ओढा आतल्या बाजूला राहतो. तिसरी गोष्ट तिवरेसारख्या काही जाती करतात. जे थोडे क्षार आत आलेच, ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत तिवरेच्या पानावर मिठाचे बारीक कण दिसतात ते यामुळेच.

परीक्षेत इथे एक फसवा पर्याय येऊ शकतो : 'खारफुटीला वाढीसाठी खारं पाणीच लागतं.' बऱ्याच जाती गोड्या पाण्यातही वाढू शकतात, पण तिथे इतर झाडांशी स्पर्धेत मागे पडतात. खाऱ्या चिखलात स्पर्धक फारसे नसतात, म्हणून त्यांचं राज्य तिथे. मात्र सहनशक्तीलाही मर्यादा असते. समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट क्षार मातीत साचले तर खारफुटीचंही काही चालत नाही.

प्रश्न ३ : काळा चिखल आणि कुजका वास म्हणजे घाण का?

खाजणाजवळून जाताना सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि 'काय ही गटारगंगा' असं सहज तोंडातून निघतं. सांडपाणी मिसळत असेल तर तक्रार रास्तच आहे. पण निरोगी कांदळवनातही हा वास असतो.

चिखलात ऑक्सिजन संपतो तिथे वेगळे जिवाणू कामाला लागतात. ते समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून पडलेली पानं आणि इतर सेंद्रिय पदार्थ कुजवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. हाच तो वास. त्यातल्या सल्फाइडची लोहाशी क्रिया होऊन चिखल काळा दिसतो. ऑक्सिजनविना कुजणं संथ असतं, त्यामुळे झाडांनी हवेतून घेतलेला बराचसा कार्बन या चिखलात दीर्घकाळ अडकून राहतो. हवामान बदलाच्या चर्चेत कांदळवनाचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते यासाठी.

या चिखलात जीवसृष्टीही भरपूर आहे. खेकडे बिळं करतात, त्यातून चिखलात हवा आणि पाणी खेळतं. चिखलावर टुणटुण उड्या मारणारी निवटी पाहून शहरातली मुलं तिला बेडकाचं पिल्लू समजतात. निवटी हा मासाच आहे, उभयचर नव्हे. ती कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवते आणि ओलसर त्वचेतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेते. म्हणून तिला सतत ओलं राहावं लागतं. चिखल वाळला की निवटीही संपते.

'इथे नुसती दलदल आहे, भराव टाकला तर जागा कामी येईल' असं ज्या जमिनीबद्दल बोललं जातं, तिचं हे जीवशास्त्र आहे.

प्रश्न ४ : बी झाडावरच का रुजतं?

वांग्याचं किंवा भेंडीचं बी मातीत पडल्यावर रुजतं. कांदळाचं बी मात्र फळ झाडाला लटकलेलं असतानाच रुजतं आणि त्यातून शेंगेसारखा लांब हिरवा दांडा खाली लोंबू लागतो. ते खरं तर तयार रोप असतं. तिवरेतही अंकुर झाडावरच वाढतो, फक्त तो फळाच्या सालीआड लपलेला असतो.

कारण सरळ आहे. खाऱ्या, हवा नसलेल्या चिखलात नाजूक बियाणं रुजणं अवघड. त्यामुळे झाड अर्धं काम आधीच उरकून रोप पाण्यात सोडतं. ही रोपं तरंगतात, भरतीबरोबर प्रवास करतात आणि योग्य उंचीचा चिखल मिळाला की मुळं धरतात.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. जवळपास खारफुटी असेल आणि भरतीचं पाणी मोकळं येत-जात असेल, तर कांदळवन बऱ्याचदा स्वतःच परत येतं. उलट पाण्याचा मार्ग बंद असेल, तर कितीही रोपं लावून फोटो काढले तरी ती टिकणं कठीण. लागवडीच्या आधी पाणी पाहावं लागतं.

मग कुऱ्हाड न लावता झाड मरतं कसं?

आता चारही उत्तरं एकत्र ठेवा.

एक, खाजणाला बांध घालून पाणी आत अडवलं. तलाव झाला. श्वसनमुळं काही तास पाण्याखाली राहिली तर चालतं, पण दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे राहिली तर मुळं गुदमरतात. वाडीतल्या वांग्याचं जे होतं तेच तिवरेचं होतं, फक्त जरा उशिराने.

दोन, बांध घालून किंवा नाल्याचं तोंड बुजवून भरतीचं पाणी आत येणंच बंद केलं. चिखल वाळतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि साचत जातात. वर चिखलातली सल्फाइडं हवेच्या संपर्कात आली की आम्ल तयार होतं आणि माती आम्लधर्मी होते.

तीन, राडारोडा किंवा मातीचा भराव टाकला. झाडाचा बुंधा उभाच असतो, पण वीतभर उंचीची श्वसनमुळं गाडली जातात. उशी तोंडावर दाबावी, तसा हा प्रकार.

तिन्ही प्रकारांत कुणी एक फांदीही तोडलेली नसते. पानं पिवळी पडतात, गळतात, फांद्या वाळतात. पाहणीला आलेल्या माणसाला तोडलेले बुंधे दिसत नाहीत. 'झाडं नैसर्गिकरीत्या मेली' असं म्हणायला जागा मिळते. पुढे वाळलेली लाकडं हटली की उरते ती 'मोकळी जमीन'. 'आपोआप सुकली' या वाक्यामागचं शास्त्रीय कारण हे असू शकतं. म्हणून झाडं सुकलेली दिसली की पहिला प्रश्न विचारायचा तो पाण्याबद्दल : ते कुठे अडलं आणि कोणी अडवलं?

कायदा काय म्हणतो?

मुंबई उच्च न्यायालयाने बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभरात खारफुटी तोडण्यावर बंदी घातली. तिथे भराव टाकणं आणि खारफुटीपासून ५० मीटरच्या आत बांधकाम करणं यावरही निर्बंध आले. १७ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रियाज छागला यांच्या खंडपीठाने अंतिम निकाल दिला. कांदळवनाचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ नुसार मिळालेल्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, असं त्यात स्पष्ट केलं. सार्वजनिक हितासाठी गरज आहे असं न्यायालयाला पटलं तरच अपवाद करता येतो. लोकांना तक्रार करता यावी म्हणून यंत्रणा उभारण्याचे आदेशही या निकालात आहेत. राज्याच्या वन विभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे.

म्हणजे कायदा फक्त कुऱ्हाडीपुरता नाही, भरावही त्यात येतो. अडचण पुराव्याची आहे. तोडलेला बुंधा लगेच दिसतो, अडवलेली भरती दिसायला जीवशास्त्र माहीत असावं लागतं.

आकडे वाढतात, मग तक्रारी का?

डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय वन स्थिती अहवाल २०२३' नुसार देशात सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. आधीच्या अहवालाच्या तुलनेत देशात ७.४३ चौरस किलोमीटरची घट झाली, तर महाराष्ट्रात १२.३९ चौरस किलोमीटरची वाढ नोंदवली गेली.

मग वसईतल्या तक्रारी खोट्या का? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. राज्याचा आकडा ही बेरीज असते. एका खाडीत नव्या गाळावर खारफुटी पसरली आणि दुसऱ्या खाडीत ती मेली, तर बेरजेत दुसऱ्या खाडीचं दुखणं दिसत नाही. शिवाय हे मोजमाप उपग्रहाच्या चित्रांवरून, म्हणजे वरून दिसणाऱ्या हिरव्या छत्रावरून होतं. मुळं गुदमरायला लागली तरी छत्र काही काळ हिरवं राहतं. उपग्रहाला झाड मेल्यावर कळतं. चिखलाशेजारी राहणाऱ्याला आधी कळू शकतं.

गावाला काय फरक पडतो?

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल ठप्प झाल्या आणि वसईतल्या मिठागरांवर राहणाऱ्या कुटुंबांना पाण्याने वेढलं. अशा पुरात सखल खाजणांचं महत्त्व कळतं. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की शहराचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते कुठेतरी थांबावं लागतं. ती जागा म्हणजे खाजण. तिथे भराव पडला की पाणी घरांत थांबतं. खारफुटीची मुळं गाळ धरून ठेवतात आणि लाटांचा जोर कमी करतात, हा आणखी एक फायदा.

दुसरा प्रश्न विहिरींचा. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. वरची पातळी उपशाने थोडी जरी घटली, तरी खालून खारं पाणी बरंच वर सरकतं. मग परासरणाचा तोच धडा वाडीत घडतो. तिवरेकडे गाळणी आहे, सोनचाफ्याकडे आणि केळीकडे नाही. वसईतला पाणीउपसा आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्याच्या मुळाशी हेच साधं विज्ञान होतं. दिब्रिटो यांचं जुलै २०२४ मध्ये निधन झालं. विहिरी खाऱ्या होण्याची भीती मात्र किनाऱ्यावर कायम आहे.

विद्यार्थी काय पाहू शकतात?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि चिखलात उतरायचीही गरज नाही. उतरूही नये, पाय रुततात आणि भरती वाट पाहत नाही. मोठ्या माणसाबरोबर, रस्त्यावरून किंवा बांधावरून एवढंच पाहायचं :

– ओहोटीच्या वेळी खाजणातलं पाणी उतरतं का, की तसंच साचून राहतं?
– श्वसनमुळांची टोकं उघडी दिसतात का, की माती-राडारोड्याखाली गेली आहेत?
– भरतीचं पाणी ज्या नाल्यातून यायचं, त्याचं तोंड उघडं आहे का?
– एकाच बांधाच्या आतली झाडं पिवळी आणि बाहेरची हिरवी, असं चित्र आहे का?
– झाडांखाली नवी रोपं उगवताना दिसतात का?

तारीख, वेळ आणि ठिकाणासह ठरावीक अंतराने एकाच जागेवरून फोटो काढले, तर तो शाळेचा चांगला प्रकल्प होतो. काही गडबड दिसली तर पालक किंवा शिक्षकांमार्फत तहसील कार्यालय किंवा कांदळवन कक्षाकडे देण्यासाठी ती नोंदही होते. झाडं मरण्याआधीची नोंद असेल, तर 'आपोआप सुकली' म्हणणं सोपं राहत नाही.

पेपरात 'तिवरेची मुळे जमिनीच्या वर का येतात?' असं विचारलं, तर उत्तर दोन ओळींचं आहे : दलदलीच्या मातीत ऑक्सिजन नसतो, म्हणून श्वसनासाठी मुळे वर येतात आणि वल्करंध्रांतून हवा घेतात. पुरे गुण. भुईगावच्या मुलांसाठी त्यात तिसरी ओळ जोडता येईल : ही मुळे गाडली किंवा सतत पाण्याखाली ठेवली, तर झाड मरते. ती ओळ पेपरात कुणी विचारणार नाही. खाजणाच्या कडेला उभं राहून 'झाडं कशाने सुकली?' असं कुणी विचारलं, तर मात्र उपयोगी पडेल ती हीच ओळ.